गादी सरकली म्हणजे काय? जबड्याच्या सांध्याचे फोटो समजून घेताना

एमआरआयच्या रिपोर्टात एक ओळ असते, 'अँटिरियर डिस्क डिस्प्लेसमेंट विथ रिडक्शन'. गेल्या पावसाळ्यात राजेंद्रनगरच्या एक काकू या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून माझ्याकडे आल्या. 'जबड्याची गादी सरकली' असा तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितला होता. थोरल्या जावेच्या कमरेची गादी सरकली तेव्हा ऑपरेशन करावं लागलं होतं, त्यामुळे आपलंही तेच होणार असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पिशवीत ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा लांबट एक्सरे, होता, सीटी स्कॅनची सीडी होती, एमआरआयच्या फिल्मा होत्या. भुट्टा तर सोडाच, सकाळच्या पोह्यांवरची शेवसुद्धा त्यांनी तीन महिन्यांपासून बंद केली होती.

दुखत होतं ते गालाच्या मागच्या भागात, दात आवळले की हाताला टणक लागतो त्या स्नायूत. तिथे बोटाने दाबलं तशी त्या म्हणाल्या, "हेच डॉक्टर, अगदी हेच दुखणं." पिशवीतल्या एकाही फोटोत ते दुखणं नव्हतं. स्नायूचं असं दुखणं या फोटोंत दिसत नाही.

मी इंदूरमध्ये दातांची डॉक्टर आहे आणि तोंडाच्या रोगांचं निदान व क्ष-किरण हा माझा शिकलेला विषय. खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूरहून माणसं अशाच पिशव्या घेऊन येतात. कामाचा दिवस बुडवून, बसचा प्रवास करून, खिसा रिकामा करून काढलेले फोटो, आणि बरेचदा जो हवा तोच त्यात नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून कोणता फोटो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे जरा सविस्तर लिहिते.

आधी सांधा ओळखून घेऊ. कानाच्या छिद्रासमोर जो छोटा कूर्चेचा उंचवटा आहे, त्याच्या साधारण एक सेंटिमीटर पुढे बोट ठेवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकल्यासारखं लागेल. ते खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं, आमच्या भाषेत कॉन्डाइल. कवटीच्या खोबणीत ते बसलेलं असतं आणि खोबणीच्या पुढे हाडाचाच एक उतरता उंचवटा असतो. तोंड उघडताना पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर हे डोकं जागच्या जागी फिरतं. त्यापुढे ते खोबण सोडून उंचवट्याच्या उतारावरून खाली-पुढे घसरतं. बिजागरीसारखं फिरणं आणि घसरगुंडीसारखं सरकणं, दोन्ही एकाच सांध्यात. शिवाय डावा-उजवा असे दोन सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना जोडलेले, म्हणजे एकाचं बिघडलं की दुसऱ्यालाही त्याचा भार सोसावा लागतो.

डोकं आणि खोबण यांच्यामध्ये गादी असते. ही कमरेच्या मणक्यांमधल्या गादीसारखी नाही. मधे पातळ, पुढच्या आणि मागच्या कडेला जाड, अशी घट्ट तंतूंची छोटीशी चकती. तिच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे गादी स्वतः दुखत नाही. तिच्या मागे जे मऊ ऊतक आहे त्यात मात्र दोन्ही भरपूर आहेत. गादी पुढे सरकली आणि हाडाचं डोकं त्या मऊ भागावर टेकायला लागलं की दुखू शकतं.

'कट' आवाजाचं कारणही इथेच सापडतं. तोंड बंद असताना गादी थोडी पुढे गेलेली असते. उघडताना हाडाचं डोकं तिच्या मागच्या जाड कडेखालून घसरून पुन्हा तिच्या मधोमध बसतं आणि त्या क्षणी आवाज होतो. रिपोर्टातल्या 'विथ रिडक्शन' या शब्दांचा अर्थ एवढाच, की तोंड उघडल्यावर गादी आपल्या जागेवर परत येते. 'विदाउट रिडक्शन' असेल तर ती परत येत नाही, वाटेत अडसर होऊन बसते. मग आवाज थांबतो, पण तोंड दोन बोटांच्या पुढे उघडत नाही. "आवाज बंद झाला, बरं झालं" असं समजून कितीतरी जण हे अंगावर काढतात.

काकूंना मी जे सांगितलं ते इथेही लिहिते. ज्यांना काहीही त्रास नाही अशा धडधाकट माणसांचे एमआरआय काढून पाहिले गेले आहेत, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांची गादी सरकलेली दिसली आहे. ती माणसं जेवतात, बोलतात, जांभया देतात, हिवाळ्यात सराफ्यात उभी राहून गराडू खातात. केस पांढरे होण्यासारखाच हा बदल पुष्कळांच्या बाबतीत शरीर मुकाट्याने सांभाळून घेतं. सरकलेली गादी दिसली म्हणून लगेच उपचार करायचे नसतात. दुखतंय का, तोंड अडकतंय का, आणि त्याचा या दिसण्याशी मेळ बसतो का, हे आधी पाहायचं.

मेळ बसवायला हात लागतात. तपासणीत मी पट्टीने तोंडाचं उघडणं मोजते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर आलं तर ठीक. घरी पाहायचं तर स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. उघडताना हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला जाते हे बघते. बाजूला जाऊन परत मधोमध आली तर गादी जागेवर बसत असावी. एका बाजूला गेली आणि तिथेच राहिली, तर त्या बाजूचा सांधा अडकलेला असण्याची शक्यता जास्त. मग स्नायू दाबून पाहायचे, सांध्यावर बोट ठेवून आवाज जोखायचा. 'कट' असा एकच आवाज गादीकडे बोट दाखवतो, वाळूत पाय घासल्यासारखी करकर हाडाच्या झिजेकडे. २०१४ साली या विकारांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. त्यात स्नायूंचं दुखणं ठरवायला फोटो लागतच नाही. ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारून आणि हाताने तपासून दहातले नऊ रुग्ण बरोबर ओळखता येतात. गादी नक्की कुठे आहे आणि हाड झिजलं आहे का, या दोन प्रश्नांपुढे मात्र हात अपुरे पडतात. फोटोची गरज तिथे सुरू होते.

तोंड उघडत नाही म्हणून येणाऱ्यांबद्दल आपल्या भागात एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. सुपारी चघळून चघळून गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठर होते, आत दोरीसारखे पट्टे लागतात, तिखट लागलं की आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जातं. याचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. यात सांध्याचा दोष नसतो, म्हणून सांध्याचा एमआरआय काढून हाती काही लागत नाही. आरशासमोर टॉर्च धरून गाल आतून बघितला आणि बोटाने चाचपला तर पहिल्या मिनिटात संशय येतो. पोरगा 'जबडा जाम झालाय' म्हणत असेल तर आधी त्याच्या खिशात पुडी आहे का ते बघा, आणि दंतवैद्याकडे घेऊन जा.

आता फोटोंकडे. पहिला ओपीजी, दोन्ही जबड्यांचा एकच लांबट एक्सरे. यंत्र डोक्याभोवती फिरतं, पंधरा-वीस सेकंदांत काम होतं. फिनलंडच्या पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हे तंत्र उभं केलं आणि आज बहुतेक दंतचिकित्सा केंद्रांत ते आहे. दात, अक्कलदाढ, जबड्यातली गाठ, तुटलेलं हाड, दोन बाजूंतला ठळक फरक यांच्यासाठी ओपीजी फार उपयोगी, आणि जबडा दुखतो म्हणून आलेल्या माणसाची कीड लागलेली दाढ इथेच सापडते. सांध्यासाठी मात्र ही फक्त ओझरती नजर आहे. हे यंत्र दातांच्या कमानीवर नेमकं केंद्रित केलेलं असतं, आणि कॉन्डाइल त्यात तिरपं, मोठं होऊन, गालाच्या हाडाच्या सावलीत अर्धवट झाकलेलं दिसतं. बरीच झीज झाल्याशिवाय ओपीजीत ती उमटत नाही, आणि गादी तर कुठल्याच एक्सरेत दिसत नाही. 'ओपीजी नॉर्मल' म्हणजे 'सांधा नॉर्मल' असं समजू नका.

हाडच बारकाईने पाहायचं असेल तर सीबीसीटी, म्हणजे कोन-बीम सीटी. इंग्रजीतला 'कोन' म्हणजे शंकू. या यंत्रातून किरणांचा शंकू बाहेर पडतो, एकाच फेरीत डोक्याभोवती फिरतो आणि संगणक त्यावरून हाडाची तिन्ही मितींतली प्रतिमा रचतो. आपण बसलेले किंवा उभे असतो. दातांसाठीची ही यंत्रं १९९० च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये तयार झाली. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान बारकावे त्यात दिसतात. हाडाचं डोकं चपटं झालंय का, पृष्ठभाग खरवडल्यासारखा झालाय का, कडेला चोचीसारखं नवं हाड वाढलंय का, पृष्ठभागाखाली पोकळी आहे का, हे सगळं स्वच्छ दिसतं. करकर आवाज येणाऱ्या, संधिवात असलेल्या किंवा दात मिटण्याची ठेवण बदलत चाललेल्या माणसाला मी हा फोटो सांगते. यातही गादी दिसत नाही. काकूंच्या सीटीतही दिसली नव्हती, आणि म्हणूनच त्यांना पुढे एमआरआयला पाठवलं गेलं होतं.

मोठा सीटी स्कॅन, ज्यात झोपून यंत्राच्या कड्यातून जावं लागतं, तो अपघातात आणि जबडा पूर्ण जखडलेला असताना कामी येतो. इथे लहान मुलांबद्दल थांबून सांगावंसं वाटतं. मूल सायकलवरून किंवा ओट्यावरून हनुवटीवर पडतं, हनुवटीला टाके पडतात, ते भरतात, सगळे विसरून जातात. त्या धक्क्याने कानापुढे, कॉन्डाइलच्या मानेपाशी हाड मोडलेलं असू शकतं. त्याकडे दुर्लक्ष झालं तर काही मुलांत हाडाचं डोकं कवटीला सांधून बसतं, तोंड उघडेनासं होतं आणि वाढीच्या वयात खालचा जबडा मागे राहतो, चेहरा वाकडा होतो. हनुवटी फुटलेल्या मुलाचं तोंड पुढच्या आठवड्यांत पूर्वीइतकं उघडतंय का, दात पूर्वीसारखे मिटतायत का, हे आईवडिलांनी बघावं. शंका आली तर फोटो काढायला उशीर करू नये. जखडलेल्या सांध्याच्या शस्त्रक्रियेआधी जोडलेलं हाड किती आणि मोठ्या रक्तवाहिनीपासून किती लांब, हे सीटीच सांगतो.

आता एमआरआय. गादी बघायची असेल तर आज हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. यात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, त्यांतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना मोठं चुंबक एका दिशेला आणतं, रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर हलवलं जातं, आणि ती पूर्वस्थितीला येताना जे संकेत देतात त्यांतून प्रतिमा तयार होते. गादी घट्ट तंतूंची, तिच्यात मोकळं पाणी कमी, म्हणून ती काळी दिसते. हाडातली मज्जा चरबीची म्हणून उजळ, आणि सांध्यात साचलेलं पाणी विशिष्ट पद्धतीच्या चित्रात पांढरंशुभ्र. निरोगी सांध्यात ही काळी गादी बो-टायसारखी, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड दिसते आणि तिची मागची कड हाडाच्या डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी असते. ती अकरा, दहा असं करत पुढे गेलेली दिसली की गादी सरकलेली.

पण एमआरआय नीट काढला तरच हे दिसतं. कॉन्डाइलचा लांब आस सरळ आडवा नसतो, आतल्या बाजूला साधारण वीस अंशांनी मागे वळलेला असतो. म्हणून काप त्या आसाला धरून तिरपे घ्यावे लागतात आणि पातळ, तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचे घ्यावे लागतात. सांध्यावर संकेत टिपणारी लहान कॉइल लावली तर चित्र आणखी स्पष्ट येतं. दोन्ही सांधे हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, एक संच तोंड मिटून आणि दुसरा तोंड उघडून. उघड्या तोंडाचा संच नसेल तर गादी जागेवर परत येते की नाही हे कळणार कसं? 'विथ' की 'विदाउट' हा अख्खा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. उघडं तोंड स्थिर राहावं म्हणून दातांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा देतात, कधी कधी सिरिंजची नळीसुद्धा चालते. माझ्याकडे असे एमआरआय आले आहेत ज्यात मेंदूच्या नेहमीच्या तपासणीत सांधे कोपऱ्यात कुठेतरी दिसतात आणि खाली रिपोर्ट 'जबड्याचा सांधा नॉर्मल'. पेशंटने पूर्ण पैसे भरलेले असतात, अर्धा तास आवाजात निश्चल पडून राहिलेला असतो, आणि उत्तर मिळालेलं नसतं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'दोन्ही सांधे, तोंड मिटून आणि उघडून' असं लिहिलंय का, एवढं जरूर पाहा. नसेल तर लिहून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडी कण, हे एमआरआयआधी सांगावंच लागतं. दातांना तारा लावलेल्या असतील तर त्याही सांगा. स्टीलच्या तारांमुळे चित्र बिघडू शकतं. लहान मुलांच्या संधिवातात सांध्याचं अस्तर सुजलंय का हे पाहायला शिरेतून औषध देऊन एमआरआय काढतात. त्या मुलांचा जबडा पुष्कळदा दुखतसुद्धा नाही आणि आतून बिघडत असतो, म्हणून तिथे दुखण्याची वाट न पाहता एमआरआय काढावा.

सोनोग्राफीचं थोडक्यात. स्वस्त, सुरक्षित, आणि सांध्यात पाणी आहे का हे सांगू शकते. पण ध्वनिलहरी हाडापलीकडे जात नाहीत, त्यामुळे गादीचा आतला भाग दिसत नाही, आणि करणाऱ्याच्या हाताला सवय असावी लागते. सांध्यात औषध भरून एक्सरे काढायची जुनी पद्धत होती. डेन्मार्कच्या नॉरगार्ड यांनी १९४० च्या दशकात ती आणली. एमआरआय आल्यावर ती बहुतेक मागे पडली.

किरणांची भीती पुष्कळांना असते, विशेषतः आयांना. माती, हवा आणि आकाशातून आपल्यावर रोज थोडे किरण येतच असतात, जगाची सरासरी धरली तर वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक). एका ओपीजीत साधारण दोन-चार दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतकी मात्रा मिळते. सीबीसीटीची मात्रा यंत्रावर आणि भाग केवढा घेतला त्यावर बदलते, काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. मोठ्या सीटीत ती याहून जास्त असते. गरज असेल तर ही मात्रा घाबरण्यासारखी नाही. गरज नसेल तर मात्र एकही फोटो जास्तच. गरोदर असाल, किंवा शक्यता जरी असेल, तर आधी सांगा.

काही दुखणी जबड्यात जाणवतात पण सांध्याची नसतात, आणि तिथे फोटोच्या रांगेत थांबणं धोक्याचं. जिना चढताना डावा जबडा दुखतो आणि बसलं की दुखणं थांबतं, तर ते हृदयाचं असू शकतं, म्हणून ओपीजीच्या आधी ईसीजी. पन्नाशीनंतर कानशीलं दुखतात, केस विंचरताना डोकं हुळहुळतं आणि चावताना जबडा थकतो, तर ती कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते. तिने दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ताची तपासणी. ओठ किंवा गाल बधिर होणं, वाढत जाणारी सूज, तापासह तोंड मिटणं, हेही थांबण्यासारखं नाही. जांभई देताना जबडा उघडाच अडकला तर सरळ दवाखान्यात जा. मार लागलेला नसेल तर बहुतेक वेळा तो हातानेच बसवता येतो.

काकूंना मी नवा फोटो सांगितला नाही. दिवसातून दोनदा दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी, दोन आठवडे मऊ जेवण, एका बाजूने चावणं बंद, आणि दिवसभर लक्षात ठेवायची एक सवय, ओठ मिटलेले पण दात सुटे. त्या रात्री दात आवळत होत्या, म्हणून झोपताना दातांवर घालायचा साचा, म्हणजे स्प्लिंट, दिला. दोन महिन्यांनी दुखणं गेलं. 'कट' आवाज अजून आहे, आणि तो असू द्यायला हरकत नाही हे आता त्यांना ठाऊक आहे.

एक विषय राहिला. कधी कधी पंधरा-वीस वर्षांची मुलगी येते आणि आई म्हणते, "हिची हनुवटी हळूहळू एका बाजूला चाललीय." एका बाजूचं कॉन्डाइल वाढणं थांबत नाही तेव्हा असं होतं. वाढ अजून चालू आहे की थांबली, यावर उपचार ठरतात, आणि ते हाडाचा आकार बघून कळत नाही. त्यासाठी बोन स्कॅन असतो. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचं अल्पजीवी औषध शिरेतून देतात, त्याची किरणक्रिया दर सहा तासांनी निम्मी होते. जिथे हाड जोमाने तयार होत असतं तिथे ते जास्त साठतं. दोन्ही बाजूंच्या शोषणात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वाढ चालू असावी असं धरतात. मात्र स्कॅन लिहिण्याआधी मी त्या आईला घरी परत पाठवते आणि जुने फोटो आणायला सांगते. सहावीतलं शाळेचं ओळखपत्र, मामाच्या लग्नाचा अल्बम, आधार कार्ड, तारखेसह असतील ते सगळे. टेबलावर वर्षांच्या क्रमाने ते मांडले की हनुवटी कधी वळायला लागली आणि गेल्या दोन वर्षांत आणखी वळली का, हे पुष्कळदा आईलाच आधी दिसतं.